सार्वमत आणि रायशुमारी : ब्रेक्झिटच्या वादाचा इतिहास

मराठीत आपण ज्याला 'सार्वमत' म्हणतो, त्याला उर्दूत 'रायशुमारी' म्हणतात. दोन्ही भाषा शिकवत असल्याने अशा जोड्या शेजारी ठेवून पाहण्याची मला सवय आहे. मराठी शब्दात सर्वांचे मत येते. उर्दू शब्द तेवढा दावा करत नाही. मर्दुमशुमारी म्हणजे माणसांची मोजणी, तशी रायशुमारी म्हणजे मतांची मोजणी. ब्रिटनने युरोपीय संघ सोडला त्या सगळ्या भांडणाचे मूळ या दोन शब्दांमधल्या फरकात आहे, असे मला वाटते. तिथे मते मोजली गेली, पण सर्वांचे मत काय, हे पुढची साडेतीन वर्षे कुणालाच सांगता आले नाही.

२३ जून २०१६ रोजी ब्रिटिश मतदारांपुढे एकच प्रश्न होता : युरोपीय संघात राहायचे की बाहेर पडायचे? ७२ टक्के लोकांनी मतदान केले. बाहेर पडा म्हणणारे १ कोटी ७४ लाख निघाले, राहा म्हणणारे १ कोटी ६१ लाख. टक्केवारी ५१.९ विरुद्ध ४८.१. इंग्लंड आणि वेल्सने बाहेरची वाट धरली. स्कॉटलंडमधल्या ६२ टक्के आणि उत्तर आयर्लंडमधल्या जवळपास ५६ टक्के मतदारांना मात्र राहायचे होते. दुसऱ्याच दिवशी सकाळी पंतप्रधान डेव्हिड कॅमेरून यांनी राजीनामा जाहीर केला.

आधीची रायशुमारी

हा वाद २०१६ मध्ये जन्मलेला नाही. १९५७ च्या रोम करारातून सहा देशांचा युरोपीय आर्थिक समुदाय तयार झाला, तेव्हा ब्रिटन त्यात नव्हते. १९६१ मध्ये त्याने आत येण्यासाठी अर्ज केला. त्याची झळ आपल्यापर्यंत येणार होती. राष्ट्रकुलातल्या देशांच्या मालाला ब्रिटनमध्ये जकातीची सवलत मिळत असे आणि भारताचा चहा, ताग, कापड तिथे जात होते. ब्रिटन युरोपच्या कुंपणाआड गेले तर या सवलतीचे काय होणार? १९६२ च्या सप्टेंबरात लंडनला राष्ट्रकुल पंतप्रधानांची परिषद भरली, तेव्हा पंडित नेहरूंसह अनेकांनी ही चिंता बोलून दाखवली. तेवढ्यापुरता प्रश्न टळला, कारण जानेवारी १९६३ मध्ये फ्रान्सचे अध्यक्ष द गॉल यांनी नकाराधिकार वापरला. १९६७ मध्ये त्यांनी पुन्हा तेच केले. अखेर १ जानेवारी १९७३ रोजी, हुजूर पक्षाचे एडवर्ड हीथ पंतप्रधान असताना, ब्रिटन आत गेले.

दोनच वर्षांनी, ५ जून १९७५ रोजी, 'कॉमन मार्केट'मध्ये राहायचे का यावर देशाने मत दिले. तेव्हाची बाजूंची विभागणी आज वाचली तर गंमत वाटते. मजूर पक्षाचे पंतप्रधान हॅरॉल्ड विल्सन राहण्याच्या बाजूने होते, पण त्यांच्याच पक्षाच्या खास अधिवेशनाने जवळपास दोनास एक अशा बहुमताने विरोध केला होता. टोनी बेन, मायकेल फूट, बार्बरा कॅसल हे मंत्री उघडपणे 'नको' म्हणत फिरत होते. हा कामगारांविरुद्ध भांडवलदारांचा क्लब आहे, असे डाव्यांचे म्हणणे. त्याच बाजूला स्थलांतरितांविरुद्ध आग ओकणारे इनॉक पॉवेलही उभे होते. आणि 'राहा' म्हणणाऱ्यांत होत्या हुजूर पक्षाच्या नव्या नेत्या मार्गारेट थॅचर, सदस्य देशांचे झेंडे विणलेला स्वेटर घालून! ६७ टक्के लोकांनी राहण्याच्या बाजूने कौल दिला. शेटलंड आणि पश्चिमेकडची बेटे एवढेच दोन भाग 'नाही' म्हणाले.

विल्सन यांनी मंत्र्यांना आपापल्या मताचा प्रचार करण्याची मोकळीक दिली होती. निकालानंतर बेन यांनी लोकांचा कौल मान्य केला. अर्थात याने वाद मिटला नाही. १९८१ मध्ये मजूर पक्ष फुटला, त्याला युरोप हेही एक कारण होते. १९८३ च्या जाहीरनाम्यात पक्षाने पुन्हा बाहेर पडण्याचे वचन दिले. पण फरक असलेले लोक फरकासकट एका मंत्रिमंडळात बसू शकले, हे नोंदवण्यासारखे आहे. उर्दूत 'इख्तिलाफ' आणि 'मुखालफत' हे एकाच अरबी मुळातून आलेले शब्द आहेत. पहिल्यात मतभेद असतो, दुसऱ्यात विरोध. १९७५ चा वाद बऱ्याच अंशी इख्तिलाफ होता. २०१६ चा वाद मुखालफतीच्याही पुढे जाऊन अदावतीपर्यंत पोहोचला.

व्यापाराचा प्रश्न कुठे गेला?

मधल्या चाळीस वर्षांत दोन्ही बाजू उलट्या झाल्या. ज्या थॅचरबाईंनी एकल बाजारपेठेचा पाठपुरावा केला, त्यांनीच १९८८ मध्ये ब्रूज इथल्या भाषणात ब्रुसेल्समधल्या महासत्तेविरुद्ध इशारा दिला. १९९२ च्या मास्ट्रिख्ट कराराने समुदायाचा 'संघ' झाला आणि हुजूर पक्षात कायमची फूट पडली. २००४ मध्ये दहा नवे देश संघात आले. तिथल्या कामगारांसाठी लगेच दार उघडणारे देश तीनच : ब्रिटन, आयर्लंड आणि स्वीडन. पोलंडचे लाखो लोक आले, आणि त्यानंतर युरोपचा वाद जकातीचा न राहता माणसांचा झाला.

तरी बाहेर पडण्याच्या बाजूचे सगळेच द्वेषाने पछाडलेले होते असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. आपले कायदे आपल्याच संसदेने करावेत ही मागणी साधी आणि समजण्यासारखी आहे. वसाहतवादाविरुद्ध लढलेल्या देशातल्या माणसाला ती परकी वाटू नये. उत्तर इंग्लंडमधल्या बंद गिरण्यांच्या गावांना लंडनच्या भरभराटीतून काही मिळाले नव्हते. सरकारी काटकसरीत दवाखाने आणि वाचनालये आकसत होती. त्या लोकांचा राग खरा होता. प्रश्न असा की, तो कुणाकडे वळवला गेला?

प्रचाराच्या लाल बसवर लिहिले होते की आपण युरोपला आठवड्याला ३५ कोटी पौंड पाठवतो, ते आरोग्य सेवेला देऊ. यात ब्रिटनला मिळणारी सूट धरलेलीच नव्हती. देशाच्या सांख्यिकी प्राधिकरणाने हा आकडा दिशाभूल करणारा आहे असे सांगितले, तरी बस फिरत राहिली. दुसऱ्या एका फलकावर होते : ७ कोटी ६० लाख लोकसंख्येचा तुर्कस्तान युरोपीय संघात येतो आहे. तुर्कस्तानच्या वाटाघाटी २००५ पासून रखडल्या होत्या आणि कोणताही एक सदस्य देश तो प्रवेश रोखू शकत होता. पण फलकाला अर्थ समजावायचा नव्हता, भीती दाखवायची होती. 'तुर्कस्तान' या शब्दाच्या मागे कोणता शब्द ऐकू यावा अशी अपेक्षा होती, हे वाचकांना सांगायला नको. या मोहिमेचा चेहरा असलेले बोरिस जॉन्सन यांचे पणजोबा अली केमाल उस्मानी सल्तनतीत मंत्री होते, हा इतिहासाचा खट्याळपणा.

१६ जून रोजी सकाळी नायजेल फराज यांनी निर्वासितांच्या लांब रांगेचे पोस्टर लोकांपुढे आणले. त्यातले छायाचित्र ब्रिटनच्या सीमेवरचे नव्हतेच, ते स्लोव्हेनियातले होते. त्याच दिवशी दुपारी यॉर्कशरमध्ये मजूर पक्षाच्या खासदार जो कॉक्स यांचा एका अतिउजव्या माणसाने खून केला. संसदेतल्या आपल्या पहिल्या भाषणात त्यांनी मतदारसंघाची ओळख करून देताना आयरिश कॅथलिकांसोबत गुजरातच्या आणि काश्मिरी मुसलमानांचाही आपुलकीने उल्लेख केला होता. आपल्याला वेगळे करणाऱ्या गोष्टींपेक्षा जोडणाऱ्या गोष्टी जास्त आहेत, असे त्यांचे सांगणे होते. त्या निर्वासितांच्या, सिरियाच्या लोकांच्या बाजूने बोलत असत.

मुसलमानांचे मत एक होते का?

लॉर्ड ॲशक्रॉफ्ट यांच्या मतदानोत्तर पाहणीत दहापैकी सात मुस्लीम मतदारांनी राहण्याच्या बाजूने मत दिल्याचे दिसले. म्हणजे उरलेल्या तिघांनी बाहेर पडा म्हटले. ही संख्या लहान नाही. लंडनचे नवे महापौर सादिक खान वेम्बलीच्या जाहीर वादसभेत तुर्कस्तानच्या मुद्द्यावरून जॉन्सन यांच्यावर तुटून पडले. ब्रिटिश मंत्रिमंडळात बसलेल्या पहिल्या मुस्लीम महिला सईदा वारसी यांनी मतदानाच्या तीन दिवस आधी बाहेर पडण्याची बाजू सोडल्याचे जाहीर केले. त्यावर त्या आपल्यासोबत होत्याच कुठे, असे त्या गोटातून उत्तर आले.

दुसरीकडे 'करी हाऊस'चे मालक होते. ही हॉटेले बहुतेक सिल्हटच्या बांगलादेशी मुसलमानांची. त्यांना आचारी मिळत नव्हते, कारण उपखंडातून माणूस आणायचा तर व्हिसाच्या अटी कडक, आणि युरोपातला माणूस मात्र मोकळेपणाने येणार. प्रीती पटेल आदी नेत्यांनी सांगितले की युरोपची दारे बंद झाली की तुमची उघडतील. त्यांच्या व्यवसायातल्या पुढाऱ्यांनी बाहेर पडण्याला पाठिंबा दिला. नंतर अटी हव्या तशा सैल झाल्या नाहीत आणि फसवले गेल्याची तक्रार त्यांनी उघडपणे केली. एका स्थलांतरिताला दुसऱ्याविरुद्ध उभे करायचे आणि मग दोघांनाही रांगेत ठेवायचे, ही जुनी रीत आहे. पोलंडच्या माणसावरचा राग पोलंडच्या माणसापाशी थांबला नाही. जुलै २०१६ मध्ये इंग्लंड-वेल्समधल्या वंश आणि धर्मावरून झालेल्या गुन्ह्यांची नोंद आदल्या जुलैपेक्षा ४१ टक्क्यांनी जास्त होती.

मतदार यादीतही एक विसंगती होती. ब्रिटनमध्ये राहणारा भारतीय किंवा पाकिस्तानी नागरिक राष्ट्रकुलाच्या नियमाने मत देऊ शकत होता, पण तिथे राहणारा फ्रेंच किंवा पोर्तुगीज नागरिक नाही. याची झळ गोवेकरांना बसली. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगालचे नागरिकत्व मागता येते. ते घेऊन हजारो गोवेकर युरोपच्या मुक्त संचाराच्या हक्काने स्विंडन, लंडनमध्ये कामाला गेले. भारतीय पासपोर्ट ठेवून तिथे राहणारा पुण्याचा माणूस त्यांच्या भवितव्यावर मत देऊ शकत होता, ते स्वतः देऊ शकत नव्हते. ज्या स्विंडनमध्ये त्यांची सर्वात मोठी वस्ती, त्याने बाहेर पडण्याच्या बाजूने कौल दिला. आधीपासून राहणाऱ्यांना ३० जून २०२१ पर्यंत अर्ज करून हक्क राखता आला. मागून येणाऱ्यांसाठी ती वाट बंद झाली.

'बाहेर' म्हणजे कुठे?

मतपत्रिकेवर 'बाहेर' होते, बाहेर म्हणजे कुठे हे नव्हते. नॉर्वेसारखे बाजारपेठेत राहून संघाबाहेर? जकात संघात? की काहीच करार न करता? सर्वात अवघड गाठ आयर्लंडची होती. उत्तर आयर्लंड आणि आयर्लंड प्रजासत्ताक यांच्यातली सुमारे ५०० किलोमीटरची सीमा १९९८ च्या गुड फ्रायडे करारानंतर जवळपास पुसली गेली होती. तीस वर्षांच्या रक्तपातानंतर आलेली ती शांतता होती. आता तीच सीमा युरोपीय बाजारपेठेची हद्द होणार होती. प्रचाराच्या धुरळ्यात इंग्लंडमध्ये फार थोड्यांना ती आठवली.

थेरेसा मे यांचा करार १५ जानेवारी २०१९ रोजी ४३२ विरुद्ध २०२ मतांनी पडला, आधुनिक काळातल्या कोणत्याही ब्रिटिश सरकारचा सर्वात मोठा पराभव. २७ मार्चला संसदेने आठ पर्यायांवर मत घेतले आणि आठही फेटाळले. 'बाहेर'ला बहुमत होते, पण बाहेरच्या कोणत्याही एका जागेला नव्हते. संसदेला विचारा म्हणणाऱ्या न्यायाधीशांना एका वृत्तपत्राने जनतेचे शत्रू ठरवले होते. जॉन्सन यांनी संसदच तहकूब केली, ती सर्वोच्च न्यायालयाच्या अकराही न्यायाधीशांनी एकमताने बेकायदा ठरवली. शेवटी डिसेंबर २०१९ ची निवडणूक जिंकून त्यांनी ३१ जानेवारी २०२० रोजी देश बाहेर काढला. आयर्लंडची गाठ सोडवताना ब्रिटनच्याच दोन भागांमध्ये, समुद्रात, मालाची तपासणी आली.

पुढे काय झाले? अर्थसंकल्प दायित्व कार्यालयाच्या अंदाजाने देशाची उत्पादकता दीर्घकाळात ४ टक्क्यांनी कमी राहील. स्वतंत्र व्यापार करार करण्याची मुभा मिळाली, जुलै २०२५ मध्ये भारताशीही करार झाला. पण ज्या स्थलांतराच्या भीतीवर मते मागितली, ते कमी झाले नाही. २०२३ मध्ये निव्वळ आवक ९ लाखांच्या वर गेली आणि येणाऱ्यांत भारतीय आघाडीवर होते. गेली काही वर्षे पाहण्यांमध्ये निर्णय चुकला म्हणणारे बरोबर म्हणणाऱ्यांपेक्षा जास्त दिसतात.

एखाद्या देशाने व्यापारी गट सोडावा की नाही, यावर शहाण्या माणसांचे दुमत असू शकते. ते नफा-तोट्याचे, कायद्याचे, स्वाभिमानाचे प्रश्न आहेत. पण असा प्रश्न एका 'हो-नाही'त कोंबला, आणि उत्तर मिळवायला कुणाच्या तरी नावाची भीती वापरली, की मोजणी संपल्यावरही भीती शिल्लक राहते. ५२ टक्क्यांना जिंकल्यावर उरलेले ४८ टक्के कुठे जात नाहीत. जे त्या मतपत्रिकेवर नव्हतेच, ते पोलंडचे सुतार, गोव्याचे कामगार, यॉर्कशरमधली हिजाब घातलेली मुलगी, त्यांनाही दुसऱ्या दिवशी त्याच रस्त्याने कामाला आणि शाळेत जायचे असते. इंग्रजांनी त्या दिवशी रायशुमारी केली. सार्वमत त्यांना अजून व्हायचे आहे.