वळिवड्याची छावणी आणि नात्याचा दाखला

घरातील एक माणूस परदेशी जातो, तेथे पाय रोवतो आणि मग मागे राहिलेल्यांना एकेक करून बोलावून घेतो, ही रीत आपल्या धर्मग्रामांतील कुटुंबांना आता नवी राहिलेली नाही. कॅनडात किंवा ऑस्ट्रेलियात असलेली मुले आईवडिलांसाठी अर्ज भरतात आणि त्या अर्जाला जोडण्यासाठी स्नानसंस्काराचा वा विवाहाचा दाखला हवा म्हणून मंडळी धर्मगुरूंच्या कचेरीत येतात. जुन्या नोंदवहीतील चार ओळींवर एका घराचे भवितव्य कसे अवलंबून असते, हे आम्ही धर्मगुरू नित्य पाहत असतो. हा सारा प्रकार अलीकडचाच आहे, असा पुष्कळांचा समज आहे. परंतु आमच्या कोल्हापूरच्या वेशीजवळ, वळिवडे गावच्या माळावर, सुमारे ऐंशी वर्षांपूर्वी पाच हजारांच्या आसपास माणसे याच प्रश्नाच्या उत्तराची वाट पाहत होती. आपला कोणी माणूस समुद्रापलीकडे जिवंत आहे काय, आणि तो आपल्याला बोलावून घेईल काय, हा तो प्रश्न होता. ही माणसे पोलंड देशाची होती, बहुतांशी कॅथलिक होती आणि त्यांत स्त्रिया व मुले यांचाच भरणा अधिक होता. त्यांची हकिकत आपल्या वाचकांनी जाणून घ्यावी, म्हणून हा लेखनप्रपंच.

१९३९ च्या सप्टेंबर महिन्यात पोलंडवर दोन्ही बाजूंनी घाला पडला. १ तारखेला पश्चिमेकडून जर्मनीचे सैन्य शिरले आणि १७ तारखेला पूर्वेकडून सोव्हिएत रशियाचे. पूर्व पोलंडातील शेतकरी, शिक्षक, वनरक्षक, सैनिकांची कुटुंबे अशा लोकांना १९४० च्या फेब्रुवारीपासून १९४१ च्या जूनपर्यंत चार मोठ्या खेपांत मालगाड्यांत कोंबून सायबेरिया, कझाकस्तान आणि उत्तर रशियाची अरण्ये यांकडे पाठविण्यात आले. थंडी, भूक आणि रोगराई यांनी तेथे कित्येक घरे उद्ध्वस्त झाली. पुढे जर्मनीने रशियावरच आक्रमण केले, तेव्हा ३० जुलै १९४१ रोजी लंडनमधील परागंदा पोलिश सरकार आणि रशिया यांच्यात करार झाला आणि या बंदिवानांची सुटका झाली. जनरल आंदेर्स यांनी त्यांतून सैन्य उभारले. १९४२ साली हे सैन्य आणि त्याच्या आश्रयाने निघालेली कुटुंबे कास्पियन समुद्र ओलांडून इराणात उतरली. धडधाकट पुरुष सैन्याबरोबर पुढे गेले. याच सैन्याने १८ मे १९४४ रोजी इटलीतील मोंते कासिनोचा मठ जिंकला. स्त्रिया, मुले आणि वृद्ध मात्र आश्रय शोधीत इराणातच मागे राहिले.

त्यांपैकी काही जणांना हिंदुस्थानने आश्रय दिला. नवानगरचे महाराज जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी १९४२ साली बालाचडी येथे पोलिश मुलांसाठी छावणी उघडली. कुटुंबांसाठी मोठी वसाहत हवी होती. तिच्यासाठी कोल्हापूर संस्थानातील वळिवड्याची निवड झाली. येथील हवा सौम्य, पंचगंगेचे पाणी जवळ आणि मिरजेकडे जाणारा लोहमार्ग शेजारून गेलेला. संस्थानचे छत्रपती त्या वेळी अज्ञान बालक होते आणि कारभार रीजन्सीकडे होता. १९४३ साली कौलारू बराकी उभ्या राहिल्या आणि कराचीमार्गे आलेली कुटुंबे त्यांत राहू लागली. वसाहतीत चर्च होते, प्राथमिक व माध्यमिक शाळा होत्या, इस्पितळ, नाट्यमंच, चित्रपटगृह आणि मुलांची स्काउट पथके होती. पोलिश धर्मगुरू मिस्सा अर्पण करीत, मुलांना प्रथम ख्रिस्तशरीर देत, विवाह लावीत आणि मृतांना कोल्हापूरच्या ख्रिस्ती दफनभूमीत निरोप देत. तेथील पोलिश कबरी आजही पाहावयास मिळतात.

या वसाहतीतील सर्वांत मोठी घटना म्हणजे टपाल, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. प्रत्येक बराकीतील कोणी ना कोणी सैन्यात होते. पती इटलीत, थोरला मुलगा पॅलेस्टाइनमध्ये, भाऊ इंग्लंडातील विमानदळात, अशी एकेका घराची फाळणी झालेली होती. युद्ध संपले की सारे जण आपापल्या गावी भेटू, ही त्या सर्वांची आशा होती.

ती आशा १९४५ साली मावळली. फेब्रुवारीत याल्टा येथे भरलेल्या परिषदेत पूर्व पोलंडचा मुलूख रशियाकडे राहील असे ठरले. वळिवड्यातील बहुतेक कुटुंबांची गावे याच मुलखातील होती. म्हणजे युद्ध जिंकलेल्या पक्षात असूनही त्यांचे घर आता परक्या राज्यात गेले होते, आणि ज्या राज्याने त्यांना हाकलून दिले त्याच राज्यात! जुलै महिन्यात ब्रिटनने लंडनमधील पोलिश सरकारची मान्यता काढून घेतली. छावणीचा खर्च चालविणारे सरकारच अशा रीतीने नाहीसे झाले. पुढे संयुक्त राष्ट्रांच्या साहाय्य-संस्थेने आणि १९४७ पासून आंतरराष्ट्रीय निर्वासित संघटनेने निर्वासितांचा भार उचलला. तिकडे हिंदुस्थानही स्वतंत्र झाला. इंग्रजांनी आणलेले हे पाहुणे आता कोणाचे, हा प्रश्न उभा राहिला. काही शे माणसे पोलंडला परतली. बाकीच्यांची परत जाण्याची तयारी नव्हती.

अशा वेळी मार्ग उघडला तो नात्याच्या आधारे. आपल्या सेनापतींच्या हुकमतीखाली लढलेल्या पोलिश सैनिकांना वाऱ्यावर सोडता येणार नाही, हे ब्रिटिश सरकारला मान्य करावे लागले. १९४६ साली त्यांच्यासाठी पुनर्वसन दल स्थापन झाले आणि मार्च १९४७ मध्ये पार्लमेंटने पोलिश पुनर्वसन कायदा संमत केला. एका परक्या जनसमूहाला सामावून घेण्यासाठी ब्रिटनने केलेला हा पहिला मोठा कायदा मानला जातो. इंग्लंडात राहू इच्छिणाऱ्या सैनिकाला आपल्यावर अवलंबून असलेल्या कुटुंबीयांना आणण्याची मुभा मिळाली. मग वळिवड्यात याद्या होऊ लागल्या. ज्याचा जवळचा आप्त पश्चिमेकडील सैन्यात होता, त्याचे नाव इंग्लंडच्या यादीत लागले. १९४७ आणि १९४८ साली अशा कुटुंबांनी कोल्हापूर सोडले आणि मुंबईहून जहाजाने ती इंग्लंडला गेली.

तेथे त्यांची वाट पाहत होते ते काही राजवाडे नव्हते. युद्धकाळातील रिकाम्या लष्करी तळांवरील अर्धगोल पत्र्याच्या झोपड्यांत त्यांना ठेवण्यात आले. ग्लॉस्टरशायरमधील नॉर्थविक पार्क ही अशीच एक वसाहत होती. कालचे सैनिक कोळशाच्या खाणींत, कापडगिरण्यांत आणि वीटभट्ट्यांवर राबू लागले. परंतु संध्याकाळी घरी परतणारा बाप मुलांना कित्येक वर्षांनी लाभला होता. १९५१ च्या ब्रिटिश जनगणनेत पोलंडमध्ये जन्मलेल्यांची संख्या १,६२,३३९ भरली. त्यांत आमच्या वळिवड्याची माणसेही होती.

आता दुसऱ्या यादीकडे वळू. ज्या घरातला पुरुष सायबेरियातच मातीआड झाला, किंवा ज्याचा शोधच लागला नाही, त्या घराचे काय? त्यांना बोलावणारे कोणी नव्हते. अशा लोकांपैकी बहुतेकांना १९४८ च्या आरंभी पूर्व आफ्रिकेतील छावण्यांकडे रवाना करण्यात आले. युगांडातील कोजा आणि मसिंडी, टांगानिकातील टेंगेरू ही त्यांची नवी मुक्कामाची ठिकाणे. एका छावणीतून दुसऱ्या छावणीत, एवढाच त्यांचा प्रवास झाला. आफ्रिकेतील छावण्यांमधूनही पुढे मार्ग निघाले. १९५० च्या फेब्रुवारीत मोंबासाहून निघालेल्या एका अमेरिकन जहाजाने हजारावर पोलिश निर्वासित ऑस्ट्रेलियाच्या फ्रीमँटल बंदरात उतरविले. परंतु घर सुटून तोवर दहा वर्षे लोटली होती. एकाच बराकीत, एकाच भिंतीच्या अलीकडे-पलीकडे पाच वर्षे राहिलेल्या दोन शेजारणी. एकीच्या हाती मुलाचे पत्र होते म्हणून ती इंग्लंडला गेली आणि दुसरीच्या हाती ते नव्हते म्हणून ती आफ्रिकेला गेली, असेच त्या निवडीचे स्वरूप होते. सोसलेले दुःख दोघींचे सारखेच असू शकेल. बहुधा दुसरीचे अधिकच असेल. कायद्याने दुःख मोजले नाही, नाते मोजले.

यात कायद्याला दोष देणे सोपे आहे. कोणत्याही सरकारला कोठेतरी रेघ ओढावीच लागते, आणि रक्ताचे नाते ही रेघ त्यातल्या त्यात माणुसकीची म्हणावी लागेल. पवित्र शास्त्रात योसेफाने दुष्काळाच्या दिवसांत वृद्ध पिता याकोब आणि सारा गोतावळा मिसर देशात बोलावून घेतला, तोही याच न्यायाने. परंतु त्याच शास्त्रात रूथ आहे. नवरा वारल्यावर सासूशी तिचे कायद्याचे बंधन उरले नव्हते, तरीही ती तिच्याबरोबर परक्या देशाची वाट चालली. जे नाते दाखल्यावर येत नाही, ते आपणहून पत्करावे लागते.

हिंदुस्थानच्या भूमीवर त्याचे उदाहरण घडले आहे. बालाचडीच्या मुलांना जामसाहेबांनी आपण तुमचे बापू आहोत असे सांगितले होते, हे पुष्कळांना ठाऊक आहे. त्याहून मोठी गोष्ट पुढे घडली. युद्धानंतर या अनाथ मुलांना त्यांच्या इच्छेविरुद्ध परत पाठविले जाईल अशी भीती निर्माण झाली, तेव्हा जामसाहेब, छावणीचे प्रमुख असलेले कॅथलिक धर्मगुरू फादर फ्रान्सिस्झेक प्लुता आणि ब्रिटिश अधिकारी क्लार्क या तिघांनी मिळून मुलांचे पालकत्व कायदेशीररीत्या आपल्याकडे घेतले. एक हिंदू राजा, एक पोलिश पुरोहित आणि एक इंग्रज अधिकारी! ज्यांना बोलावणारे कोणी नव्हते, त्यांच्यासाठी हे तिघे बापाच्या जागी उभे राहिले. १९४६ साली बालाचडीची छावणी बंद झाल्यावर त्यांतील बरीच मुले आमच्या वळिवड्यासच आली.

आज आपली मुले जे अर्ज भरतात, त्यांतही हीच रेघ आहे, आणि ती दिवसेंदिवस अरुंद होत चालली आहे. ज्या ब्रिटनने सैनिकांच्या कुटुंबीयांना सरकारी खर्चाने नेले, त्याच देशाने २०१२ साली नियम इतके कडक केले की, वृद्ध आईवडिलांना दैनंदिन कामासाठी दीर्घकाळ दुसऱ्याचा आधार लागत असेल आणि तो मायदेशी मिळणे शक्यच नसेल, तरच त्यांना बोलावता येते. कॅनडात आईवडिलांना बोलावणाऱ्या मुलाला बहुतेक प्रांतांत वीस वर्षे त्यांच्या निर्वाहाची हमी द्यावी लागते. अमेरिकेत भावाबहिणीसाठी केलेल्या अर्जाला भारतीयांना पंधरा वर्षांहून अधिक काळ थांबावे लागते. तेव्हा बोलावणे येईल या भरवशावर येथील घर मोडू नये, आणि परदेशी गेलेल्यांनीही सही करताना आपण कागदावर सही करीत आहोत की आईबापाच्या म्हातारपणाचा भार स्वीकारीत आहोत, याचा विचार करावा. ज्या घरातून सारी मुले गेली आणि ज्यांना बोलावणे येणारच नाही, असे वृद्ध आपल्या प्रत्येक धर्मग्रामात आहेत. त्यांचे नाव कोणाच्या यादीत आहे, हे आपण विचारावयास हवे.

१९४८ साली पोलिश मंडळी गेली आणि रिकाम्या बराकींत सिंधमधून आलेले निर्वासित राहावयास आले. आज त्या जागी गांधीनगर आहे आणि तेथील कापडबाजार दूरवर प्रसिद्ध आहे. कोल्हापूरच्या महावीर उद्यानात या पोलिश पाहुण्यांनी कृतज्ञतेचा स्तंभ उभारला आहे. त्यांच्या राजधानीत, वॉर्सा शहरात, मोंते कासिनोच्या स्मारकाशेजारी कोल्हापूरच्या नावाचे स्मारक आहे. २१ ऑगस्ट २०२४ रोजी भारताच्या पंतप्रधानांनी तेथे पुष्पचक्र वाहिले. रणभूमीच्या नावाशेजारी एका आश्रयभूमीचे नाव कोरले गेले, हा बहुमान आमच्या शहराला लाभला तो तलवारीमुळे नव्हे. ज्यांच्याजवळ नात्याचा दाखला नव्हता त्यांनाही या माळावर पाच वर्षे छप्पर मिळाले, म्हणून तो लाभला.