वावडीची दोरी

‘वावड्या उठवू नका’ असे आपण सहज म्हणतो, तेव्हा आपण पतंगाविषयी बोलत असतो हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही. वावडी म्हणजे कागदी पतंग. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती १८५७ सालची. तीत हा अर्थ सापडतो. पुढे ‘पतंग’ या शब्दाने वावडीला बाजूला सारले आणि तिच्याकडे फक्त अफवेचा अर्थ उरला. अफवेला हेच नाव का मिळाले असावे? माझा तर्क असा : आकाशात भिरभिरणारी वस्तू गावभर दिसते, पण ती कोणाच्या हाती आहे ते दिसत नाही. या लेखात मला त्या न दिसणाऱ्या दोरीविषयी लिहायचे आहे.

आपल्याकडच्या पतंगाच्या जुन्या उल्लेखांपैकी एक मराठवाड्यातल्याच संताचा आहे. नामदेवांचा (१२७०–१३५०) संबंध हिंगोलीजवळच्या नरसीशी सांगितला जातो. शिखांच्या आदिग्रंथाचे संकलन १६०४ साली झाले. त्या ग्रंथपरंपरेत नामदेवांची एकसष्ट पदे आहेत. त्यांपैकी रामकली रागातल्या एका पदात कागद आणून, कापून केलेली ‘गुडी’ आकाशात उडते. गुडी म्हटले की आज आपल्याला पाडवा आठवतो. पंजाबीत मात्र ‘गुड्डी’ म्हणजे अजूनही पतंगच. पदातला माणूस सोबत्यांशी गप्पा मारतो आहे, पण त्याचे चित्त दोरीवर आहे. पुढे डोक्यावर घागर घेऊन हसत-बोलत येणाऱ्या मुली येतात, दूर चरणारी पण वासराकडे मन लागलेली गाय येते, घरकामात असूनही पाळण्यातल्या बाळाला न विसरणारी आई येते. पतंग उडवणाऱ्याला नामदेवांनी आईच्या आणि गाईच्या पंक्तीत बसवले, कारण त्याचे अवधान सुटत नाही. सहा-सातशे वर्षांनंतर पतंगाच्या प्रश्नाचे मूळ मला याच अवधानात दिसते.

आपला पतंग एका दोरीचा. एकाच दोरीने तो डावी-उजवीकडे कसा वळतो, याचे उत्तर त्याच्या बांध्यात आहे. एक उभी काडी, तिच्यावर बांबूची लवचीक कमान आणि ताणलेला कागद. दोरी खेचली की कमान मागे वाकते, पतंगाला स्थैर्य येते आणि नाक जिकडे असेल तिकडे तो सरळ धावतो. ढील दिली की कमान सपाट होते, तोल जातो आणि पतंग जागच्या जागी गिरक्या घेऊ लागतो. नाक हव्या त्या दिशेला आले, त्याच क्षणी पुन्हा खेचायचे. सगळे कसब त्या एका क्षणात. आधी कन्नी नीट बांधलेली हवी, हे खरेच. पण पुढचे सारे ढील आणि खेच यांवरच चालते.

पश्चिमेत पतंगाला दिशा देण्याचा दुसरा मार्ग रूढ झाला. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या नौदलातील तोफचींना नेमबाजीच्या सरावासाठी हलते लक्ष्य हवे होते. पुढे स्मिथसोनियन संस्थेच्या विमानसंग्रहासाठी ओळखले गेलेले पॉल गार्बर यांनी सुकाणू लावलेला, दोन दोऱ्यांचा पतंग तयार केला. त्यावर शत्रूच्या विमानाची आकृती रंगवलेली असे. १९७०च्या दशकात इंग्लंडच्या पीटर पॉवेल यांचा लांब शेपटीचा, दोन दोऱ्यांचा पतंग लोकप्रिय झाला आणि युद्धातली युक्ती खेळात आली. डावी दोरी ओढली की डावीकडे, उजवी ओढली की उजवीकडे. पुढे चार दोऱ्यांचे पतंगही आले. ते हवेत थांबतात, मागेही सरकतात. अहमदाबादला १९८९पासून भरणाऱ्या आंतरराष्ट्रीय पतंग महोत्सवातून असे पतंग आपल्याकडच्या लोकांनी पाहिले.

आमचे बीड १९४८पर्यंत हैदराबाद संस्थानात होते. त्यामुळे पतंगाची बोलीही माझ्या कानावर दखनी वळणाने पडली : पेच, मांजा, सादी, चरखी. सादी म्हणजे काच न लावलेला दोरा. लहान मुलांच्या हाती तोच मिळे. मोठी मुले दोन खांबांमध्ये सुती दोरा ताणून भाताची खळ, रंग आणि कुटलेली काच हाताने चढवत. संक्रांतीच्या आधी आठवडाभर त्यांच्या बोटांना चिंध्या बांधलेल्या असत. हा मांजाही निर्धोक नव्हता. पण तो ताणाने तुटे, पावसात कुजे, आणि त्याने कापण्याआधी तो करणाऱ्याची बोटे कापलेली असत.

कायद्याने पतंगाकडे कसे पाहिले, हेही गमतीचे आहे. १९३४च्या विमान कायद्यात ‘विमान’ या शब्दाच्या व्याख्येत फुगे आणि ग्लायडर यांच्याबरोबर पतंगही होता. तो कायदा तेव्हा ब्रिटिश हिंदुस्थानाचा. म्हणजे त्या साली बीडच्या गच्चीवरचा पतंग नुसता पतंग होता आणि सरहद्दीपलीकडे नगरच्या गच्चीवर गेला की विमान! कायद्याचे सारे लक्ष उडणाऱ्या वस्तूवर होते. दोरीकडे त्याचे लक्ष जायला बराच काळ लागला. राष्ट्रीय हरित लवादाने ११ जुलै २०१७ रोजी नायलॉनच्या व इतर कृत्रिम मांजावर देशभर बंदी घातली.

बंदी असूनही तो मिळतो. नाव ‘चिनी’ असले तरी तो आपल्या देशातही तयार होतो. एका संक्रांतीला मी मोटारसायकलवरून घरी येत असताना तो माझ्या गळ्याशी आला. दिसला नाही, जाणवला तेव्हा मफलर अर्धा चिरला होता. वर पाहिले तर आकाशात पतंग नव्हता, आसपास कोणी मुलगाही नव्हता. केव्हातरी कापला गेलेला तो दोरा विजेच्या खांबावरून लोंबत होता. ज्याच्या हातून तो सुटला, तो कदाचित घरी तिळगूळ खात असेल. मी रागावणार कोणावर? हा मांजा तुटत नाही, कुजत नाही आणि मालक विसरून गेल्यावरही कापत राहतो. पक्ष्यांच्या बाबतीत तर त्याला संक्रांतीचीही गरज उरत नाही. झाडांवर तो वर्षभर असतो.

पुढच्या वर्षी पुण्याहून आलेल्या भाच्याने दोन दोऱ्यांचा पतंग आणला. आम्ही तो बालाघाटाच्या माळावर नेला. मांजरसुंबा-पाटोद्याकडे पवनचक्क्या उभ्या राहिल्या त्या तिथल्या वाऱ्यामुळेच. माझे हात जुन्या सवयीचे. मी दोन्ही दोऱ्या एकदम खेचू लागलो आणि पतंग नाकावर आपटला. चौथ्या खेपेला तो वळला. त्याने गिरकी घेतली, दोऱ्यांना पीळ पडला, तरी तो ऐकत होता. उलटी गिरकी दिली की पीळ सुटे. वाऱ्याने त्याने मला चार पावले ओढत नेले, तेव्हा साठीतला मी लहान मुलासारखा ओरडलो. धोका यातही आहे. वेगाने खाली येणारा पतंग आणि ताणलेली दोरी इजा करतात. त्यासाठी मोकळे मैदान हवे, विजेच्या तारा दूर हव्यात, समोर माणूस नको. पण खेळ संपल्यावर आम्ही दोन्ही दोऱ्या गुंडाळून घरी आणल्या.

पेचाशिवाय पतंग कसला, असे कोणी म्हणेल. मला ते पटते. कापण्याची आणि कापले जाण्याची गंमत दोन दोऱ्यांत नाही, आणि ती गच्चीवर चढवताही येत नाही. शेकडो वर्षांचा खेळ सोडून परका खेळ घ्या, असे माझे म्हणणेही नाही. सुती दोरा घ्यावा, पेच जरूर लढवावा, आणि पतंग गेला तर उरलेला दोरा ओढून, गुंडाळून घ्यावा. झाडावर अडकलेला आपला असो वा परका, हाताला येईल तेवढा काढावा. नामदेवांच्या पदातल्या माणसाचे चित्त दोरीवर होते, पतंगावर नव्हते. मी आता संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी एक काठी आणि पिशवी घेऊन गल्लीत फिरतो. मागच्या खेपेला पिशवी भरली.