तूट कोणाची, हमी कोणाची?

माझ्या पगारातून दरमहा दोनशे रुपये व्यवसाय कर म्हणून कापले जातात. फेब्रुवारीत तीनशे. वर्षाला अडीच हजार. नांदेडच्या आमच्या महाविद्यालयात या कपातीविषयी सहकारी कुरकुरतात, तेव्हा मला औसा तालुक्यातील माझी आजी आठवते. १९७२ च्या दुष्काळात तिने खडी फोडली, मिलो आणि सुकडीवर लेकरे जगवली. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात होते. मे १९७३ मध्ये महाराष्ट्रात सुमारे ५० लाख माणसे अशा दुष्काळी कामांवर होती.

माझी कपात आणि आजीची खडी यांचा संबंध आहे. वि. स. पागे यांच्या पुढाकाराने आलेली रोजगार हमी योजना दुष्काळ सरल्यावरही चालू राहिली. तिच्या खर्चासाठी १९७५ मध्ये व्यवसाय कर बसविण्यात आला. १९७७ मध्ये हमीचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. करातून जमेल तितकीच भर शासनाने घालावी, असे ठरले.

गावकुसाबाहेरच्या माणसाला या कायद्याचा अर्थ पुस्तकातून शिकावा लागला नाही. १९७८ साली नामांतराच्या ठरावानंतर नांदेड परिसरात आमच्या वस्त्या जळाल्या. गावोगाव बहिष्कार पडले. ज्याच्या शेतात राबायचे त्यानेच काम नाकारले, तर चूल कशी पेटायची? पाटलाच्या बांधावर न जाता मिळणारी मजुरी ही म्हणूनच केवळ मजुरी नव्हती. तिच्यात मान ताठ ठेवण्याची सोय होती.

१९८८ मध्ये किमान वेतन वाढले आणि हमीच्या कामावरील मजुरीही जवळजवळ दुप्पट झाली. पुढे काय झाले? कामेच झपाट्याने घटली. खर्च वाढतो, म्हणून हात आखडता घेण्यात आला. मात्र कित्येक वर्षी करातून जमलेली रक्कम योजनेवरील खर्चाहून अधिक होती. मजुराच्या नावाने जमविलेला पैसा राज्याच्या इतर खर्चात मिसळून गेला. तिजोरी रिकामी नव्हती. आमच्यापुरती ती बंद होती.

आज आकडे मोठे झाले आहेत. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात महाराष्ट्राचे कर्ज ९ लाख ३२ हजार कोटींवर जाईल असा अंदाज होता. महसुली तूट ४५,८९१ कोटींची. मे २०२५ मध्ये सामाजिक न्याय विभागाचे ४१० कोटी ३० लाख रुपये लाडकी बहीण योजनेकडे वळविले गेले, तेव्हा खुद्द त्या खात्याच्या मंत्र्यांनी जाहीर नाराजी व्यक्त केली. त्या योजनेचे पैसे आमच्याही बहिणींना मिळतात, हे खरे. पण ते आमच्याच वाट्यातून काढून आम्हाला द्यायचे, याला औदार्य म्हणायचे काय?

कर्ज काढणे हे पाप नव्हे. मी स्वतः सरकारी शिष्यवृत्तीवर शिकलो. शासनाने खर्चच केला नसता तर हा लेख लिहिणारा हात आज ऊस तोडत असता. प्रश्न कर्ज किती हा नाही. ते कोणासाठी काढले आणि तूट भरताना पहिली कात्री कोठे लागली, हा आहे. बाबासाहेबांनी १९२५ मध्ये ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक अर्थव्यवस्थेवर ग्रंथ लिहिला. त्यांचे अर्थशास्त्र आपण जयंतीच्या भाषणापुरते ठेवले. अर्थसंकल्प वाचणे, आपल्या नावावरची रक्कम कोठे गेली ते विचारणे, हेही चळवळीचेच काम आहे. आजीने फोडलेल्या खडीचा हिशेब अजून कोणी दिलेला नाही. तो मागायचा आपल्यालाच आहे.