शब्बाथ, ख्रिस्ती

शब्बाथ, ख्रिस्ती : आठवड्यातील एक दिवस कामधंद्यापासून मोकळा ठेवून तो उपासना, विसावा, कुटुंब आणि गरजूंची सेवा यांसाठी राखण्याची ख्रिस्ती प्रथा. बहुतेक पंथ हा दिवस रविवारी पाळतात. सेव्हन्थ-डे अ‍ॅडव्हेंटिस्ट आणि सेव्हन्थ-डे बॅप्टिस्ट हे पंथ तो शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या सूर्यास्तापर्यंत पाळतात. इथिओपियाचे ऑर्थोडॉक्स चर्च शनिवार आणि रविवार या दोन्ही दिवसांना मान देते. मराठी प्रॉटेस्टंट मंडळ्यांत रविवारला ‘प्रभूचा दिवस’ म्हणतात, तर मुलांच्या रविवारच्या वर्गाला ‘शब्बाथशाळा’ हे नाव रुळले आहे. दिवस कोणता, हा वाद जुना आहे आणि तो मिटलेला नाही. मात्र माणसाचे मोल त्याच्या कामाच्या हिशेबावर ठरत नाही, हे दर आठवड्याला कृतीतून सांगणारी दुसरी प्रथा ख्रिस्ती जीवनात क्वचितच सापडेल.

शास्त्राधार : दहा आज्ञा बायबलमध्ये दोनदा येतात आणि शब्बाथाचे कारण दोन्ही ठिकाणी निराळे दिले आहे. ‘निर्गम’ या पुस्तकाच्या 20 व्या अध्यायात ते सृष्टीशी जोडलेले आहे : देवाने सहा दिवसांत सृष्टी घडवली आणि सातव्या दिवशी विसावा घेतला. ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या 5 व्या अध्यायात ते गुलामगिरीशी जोडलेले आहे : इस्राएली लोक मिसर देशात दास होते, देवाने त्यांना सोडवले, म्हणून त्यांनी स्वतः विसावा घ्यावा आणि आपल्या हाताखालच्यांनाही तो द्यावा. आज्ञेतील यादी सावकाश वाचावी अशी आहे. मुलगा, मुलगी, दास, दासी, बैल, गाढव, इतर गुरेढोरे आणि वेशीच्या आत राहणारा परका, अशी एकेकाची आठवण ठेवलेली आहे. मिसरात विटा पाडणाऱ्यांना सुट्टी नव्हती. सुटका झाल्यावर ती मिळाली, पण एकट्याने उपभोगण्यासाठी मिळाली नाही.

सीनाय पर्वतावर आज्ञा मिळण्याआधीच रानात देवाने पुरवलेल्या मान्ना या अन्नाच्या कथेत हा धडा येतो. रोज पुरेल एवढाच मान्ना गोळा करायचा. साठवला तर त्यात किडे पडत. सहाव्या दिवशी मात्र दुप्पट मिळे आणि तो सातव्या दिवसापर्यंत टिके. एक दिवस हात थांबवला तरी अन्न कमी पडणार नाही, हा विश्वास भुकेल्या लोकांना अशा रीतीने शिकवला गेला.

येशूच्या काळापर्यंत शब्बाथाभोवती अनेक नियम गोळा झाले होते. येशू शब्बाथ दिवशी सभास्थानात जात असे, आणि त्याच दिवशी तो आजाऱ्यांना बरेही करी. वाळलेल्या हाताचा माणूस आणि 18 वर्षे कमरेत वाकलेली स्त्री ही त्याची ठळक उदाहरणे. दिवस माणसाच्या भल्यासाठी आहे, माणूस दिवसाचा बंदा नाही, ही त्याची भूमिका मार्ककृत शुभवर्तमानाच्या 2 ऱ्या अध्यायात येते. पुढे पौलाने रोम येथील मंडळीला लिहिताना दिवस पाळण्यावरून एकमेकांचा न्याय करू नये असे बजावले.

शनिवारकडून रविवारकडे : येशूचे पुनरुत्थान आठवड्याच्या पहिल्या दिवशी झाले, म्हणून त्या दिवशी एकत्र जमण्याची रीत पहिल्या शतकातच सुरू झाली. सुमारे 155 मध्ये हुतात्मा जस्टिनने रोमन सम्राटाला उद्देशून लिहिलेल्या समर्थनात अशा रविवारचे तपशीलवार वर्णन आहे. शहरातील आणि खेड्यांतील लोक एका जागी जमत. प्रेषितांच्या आठवणी किंवा संदेष्ट्यांचे लेख वाचले जात, प्रमुख प्रवचन करी, सारे उभे राहून प्रार्थना करीत, भाकर आणि द्राक्षारस वाटला जाई. जमलेला निधी अनाथ, विधवा, आजारी, कैदी आणि परगावचे पाहुणे यांच्यासाठी वापरला जाई. कामापासून सुट्टी मात्र या वर्णनात नाही. त्या काळी रविवार हा साम्राज्यातील कामाचाच दिवस होता.

सुट्टी आली 321 मध्ये. सम्राट कॉन्स्टंटाइनने रविवारी न्यायालये आणि शहरांतील कामे बंद ठेवण्याचा आदेश काढला, शेतकऱ्यांना मात्र त्यातून मोकळीक दिली, कारण पेरणीची आणि वेलींची वेळ चुकली तर नुकसान होई. चौथ्या शतकातल्याच लाओदिकीयाच्या धर्मसभेने ख्रिस्ती लोकांनी शनिवारी काम करावे आणि प्रभूच्या दिवशी शक्य असल्यास विसावा घ्यावा असे ठरवले. इथिओपियात वेगळे घडले. तेथे एवोस्ताटेवोस या मठाधिपतीच्या अनुयायांनी शनिवारचा आग्रह धरला, त्यासाठी छळ सोसला, आणि पंधराव्या शतकाच्या मध्यास सम्राट झरा याकोब याने दोन्ही दिवसांना मान्यता दिली.

कडक शब्बाथ : धर्मसुधारणेनंतर इंग्लंड-स्कॉटलंडमध्ये प्युरिटन मताच्या लोकांनी रविवारला जुन्या करारातील शब्बाथाची सगळी शिस्त लावली. राजा पहिला जेम्स याने 1618 मध्ये रविवारी उपासनेनंतर नाच, तिरंदाजी असे खेळ खेळण्यास परवानगी देणारा जाहीरनामा काढला. पहिल्या चार्ल्सने तो 1633 मध्ये पुन्हा काढला आणि 1643 मध्ये संसदेने त्याच्या प्रती जाहीररीत्या जाळायला लावल्या. वेस्टमिन्स्टरच्या विश्वासप्रकटनाने रविवारी केवळ निकडीची आणि दयेची कामे करावीत अशी रेषा आखली. आजारी माणसाची शुश्रूषा, गुरांना चारापाणी, आग विझवणे ही कामे त्या रेषेच्या आत येतात. ही रेषा आजही उपयोगी पडते. मात्र तिच्या नावाखाली मुलांचे हसणे-खेळणे बंद पाडले गेले, तेव्हा आनंदाचा दिवस धाकाचा झाला आणि अनेकांच्या मनात शब्बाथाविषयी अढी बसली. स्कॉटलंडच्या लुईस बेटावर रविवारची नियमित फेरीबोट 2009 मध्ये प्रथमच सुटली, तेव्हा काही बेटकऱ्यांनी आनंद मानला, तर काहींनी धक्क्यावर प्रार्थना केली.

या परंपरेची उजळ बाजू एरिक लिडेल या स्कॉटिश धावपटूत दिसते. 1924 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये 100 मीटर शर्यतीच्या प्राथमिक फेऱ्या रविवारी, 6 जुलैला होत्या. ही त्यांची हुकमी शर्यत, तरी त्यांनी तिच्यात भाग घेतला नाही. 11 जुलैला ते 400 मीटर धावले आणि 47.6 सेकंदांत सुवर्णपदक जिंकले. पुढे ते मिशनरी म्हणून चीनमध्ये गेले आणि 1945 मध्ये तेथील जपानी नजरकैदेच्या छावणीत वारले. पदक मिळाले नसते तरी लिडेल यांचा निर्णय तेवढाच मोलाचा ठरला असता, कारण तो घेताना पदकाची हमी कोणी दिलेली नव्हती.

सातव्या दिवसाचे पंथ : सेव्हन्थ-डे अ‍ॅडव्हेंटिस्ट चर्चची स्थापना 1863 मध्ये अमेरिकेतील मिशिगन राज्यात झाली. महाराष्ट्रात पुणे हे त्यांचे मोठे केंद्र आहे. सॅलिसबरी पार्क येथील रुग्णालय आणि औंध भागातील स्पायसर विद्यापीठ या त्यांच्या संस्था. या पंथात शुक्रवार हा तयारीचा दिवस. दुसऱ्या दिवशीचा स्वयंपाक, कपड्यांची इस्त्री, घराची झाडलोट, बाजारहाट हे सगळे सूर्य मावळण्यापूर्वी उरकतात. सूर्यास्ताला घरातली मंडळी एकत्र बसून गीत गातात, बायबल वाचतात आणि प्रार्थना करतात. शनिवारी सकाळी शब्बाथशाळा, मग उपासना, अनेकदा घरोघरच्या डब्यांचे सहभोजन आणि दुपारी आजाऱ्यांच्या भेटी. परीक्षा किंवा नोकरीची मुलाखत शनिवारी आली की पंचाईत होते. काहींनी त्यासाठी संधी सोडल्या आहेत.

कॅलिफोर्नियातील लोमा लिंडा हे अ‍ॅडव्हेंटिस्ट लोकवस्तीचे गाव दीर्घायुष्यासाठी प्रसिद्ध आहे. कॅलिफोर्नियातील अ‍ॅडव्हेंटिस्ट पुरुष राज्यातील इतर पुरुषांपेक्षा सरासरी सुमारे 7 वर्षे अधिक जगतात असे 2001 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले. त्याचे श्रेय शाकाहार, व्यायाम आणि तंबाखूपासून दूर राहणे यांना दिले जाते. एकट्या शब्बाथाचा वाटा त्यातून वेगळा काढता येत नाही, आणि आयुष्य वाढावे म्हणून शब्बाथ पाळावा असे बायबलही सांगत नाही.

एकाच दिवशी, सर्वांनी : विसावा सर्वांना एकाच दिवशी का हवा, याचे उत्तर दोन फसलेल्या प्रयोगांतून मिळते. फ्रेंच राज्यक्रांतीने 1793 मध्ये दहा दिवसांचा आठवडा आणला. विश्रांती सातव्याऐवजी दहाव्या दिवशी. लोकांनी रविवार सोडला नाही, आणि 1806 च्या आरंभी ते कॅलेंडरच रद्द झाले. सोव्हिएत संघाने 1929 मध्ये कामगारांचे पाच गट पाडून प्रत्येकाला पाच दिवसांतला वेगवेगळा दिवस सुट्टीचा दिला. यंत्रे अखंड चालावीत आणि रविवारची उपासना मोडावी, हे दोन्ही त्यातून साधायचे होते. सुट्टी पूर्वीपेक्षा अधिक वेळा मिळू लागली, पण नवऱ्याची सुट्टी एका दिवशी, बायकोची दुसऱ्या, मुलांची तिसऱ्या. देखभालीला उसंत न मिळाल्याने यंत्रेही बिघडू लागली. 1940 मध्ये सात दिवसांचा आठवडा आणि रविवारची सुट्टी परत आली.

महाराष्ट्राशी संबंध : साप्ताहिक विसाव्याची प्रथा कोकणाला मिशनऱ्यांच्याही आधीपासून ठाऊक होती. तेलाचे घाणे चालवणारे मराठीभाषक बेने इस्राएल ज्यू शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून गावकरी त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. रविवारची सुट्टी मात्र ब्रिटिश अमलासोबत कचेऱ्यांत आली, गिरण्यांत आली नाही. तिच्यासाठी लढले ते महात्मा फुले यांचे सहकारी आणि ‘दीनबंधु’चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे. 1884 मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभेतून सुमारे 5,500 सह्यांचे निवेदन तयार झाले. त्यात साप्ताहिक सुट्टी आणि दुपारच्या अर्ध्या तासाच्या विश्रांतीची मागणी होती. 10 जून 1890 रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. रविवार हा खंडोबाचाही वार, त्यामुळे हिंदू कामगारांना तो परका वाटला नाही. लोखंडे सत्यशोधक होते, ख्रिस्ती नव्हते. तरी दास-दासींना विसावा मिळावा ही अनुवादातली मागणी मुंबईच्या गिरण्यांत त्यांनी तडीस नेली, याची नोंद ख्रिस्ती वाचकाने आदराने घ्यायला हवी. स्वतंत्र भारतात 1948 च्या कारखाने कायद्याने साप्ताहिक सुट्टी बंधनकारक केली.

आजची स्थिती : टोंगा या पॅसिफिक देशात रविवारचे पावित्र्य राज्यघटनेतच नोंदलेले आहे. जर्मनीच्या घटनेतही रविवारला संरक्षण आहे. त्याच्या आधारे तेथील सर्वोच्च घटनात्मक न्यायालयाने 2009 मध्ये बर्लिनमधील नाताळपूर्व चारही रविवारी दुकाने उघडण्याची मुभा अवैध ठरवली. मिझोरममध्ये रविवारी बाजार बंद असतात. रोमन कॅथलिक चर्चचा रविवारच्या मिस्सेचा नियम शनिवारी संध्याकाळच्या मिस्सेनेही पाळता येतो. पोप दुसरे जॉन पॉल यांनी 1998 मध्ये या दिवसावर स्वतंत्र पत्र लिहून, रविवार हा केवळ ‘वीकेंड’ होऊ नये असा इशारा दिला.

परिचारिका, पोलीस, एसटीचे चालक आणि वाहक यांना रविवार मोकळा मिळत नाही. पाळकांचा तर तो सर्वांत धावपळीचा दिवस. अनेक पाळक त्यासाठी सोमवार राखतात. अशांनी दुसरा दिवस ठरवून पाळला तर आज्ञेचा हेतू सांभाळला जातो. घरी बसून कामे करणाऱ्यांची अडचण आणखी वेगळी आहे, कारण कार्यालय मोबाइलमधून घरात आलेले असते. फोन काही तास बंद ठेवणे ही त्यांच्यासाठी शब्बाथाची पहिली पायरी ठरते.

मराठी ख्रिस्ती कुटुंबांत रविवारी उपासनेहून परतल्यावर पाहुणे आणि मोठा स्वयंपाक हे ठरलेलेच असते, आणि त्याचा भार बहुधा घरातल्या बाईवर आणि धुण्याभांड्याच्या मावशींवर पडतो. आज्ञेच्या यादीत दासीचेही नाव आहे. तेव्हा शब्बाथ पाळायचे ठरवणाऱ्या कुटुंबाने आरंभ तेथूनच करावा : शनिवारीच निम्मा स्वयंपाक सगळ्यांनी मिळून उरकावा, रविवारची भांडी पुरुषांनी आणि मुलांनी घासावीत, आणि कामाच्या मावशींना त्या दिवशी पगार न कापता सुट्टी द्यावी.