जठरातील वस्ती

रोगाचे मूळ सापडले की रोग जिंकला, असा सर्वसाधारण समज असतो. परंतु शत्रूला हुसकताना गावाचीही मोडतोड होते, आणि ते गाव पुन्हा कसे वसते याची विचारपूस बहुधा मागाहूनच होते.

हुबळीकरांना याचे दर्शन 1898 साली घडले. प्लेगच्या त्या साथीत, हाफकिनने आदल्याच वर्षी मुंबईत सिद्ध केलेली लस तेथे हजारोंना टोचण्यात आली. प्लेगच्या त्या दिवसांत मुंबई इलाख्यातील लोक गाव सोडून रानात झोपड्या घालून राहत आणि साथ ओसरल्यावर परतत. माणसाच्या जठरातही काहीसे असेच घडते, हे कळायला मात्र आणखी शतक जावे लागले.

1957 साली हुबळीत मेडिकल कॉलेज सुरू झाले, तेव्हा जगभर एकच शिकवण रूढ होती: जठरातील तीव्र आम्लात जंतूंची वस्ती टिकत नाही. व्रणाचा दोष तिखटाला, काळजीला आणि वाढलेल्या आम्लाला दिला जाई. 1982 साली ऑस्ट्रेलियातील पर्थ शहरी ही समजूत ढळली. रॉबिन वॉरेन यांना रोग्यांच्या जठरात वाकडे जंतू दिसले होते; बॅरी मार्शल यांनी ते वाढवून पाहिले. ईस्टरच्या सुटीमुळे बशा अधिक दिवस राहून गेल्या आणि त्यांत जंतू उगवले! 1984 साली मार्शल यांनी ते स्वतः प्राशन करून जठरदाह ओढवून घेतला. या जोडीला 2005 साली नोबेल पारितोषिक मिळाले.

या हेलिकोबॅक्टर पायलोरी जंतूची युक्ती मोठी विलक्षण. युरियापासून अमोनिया बनवून तो आपल्याभोवतीचे आम्ल निवळतो. पण जठरात तो एकटा नसतो. 2006 साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात 23 व्यक्तींच्या जठरांत जंतूंचे 128 प्रकार आढळले. मात्र हेलिकोबॅक्टरने ठाण मांडले, की इतरांचे प्रमाण फार घटते.

उपचारात आम्ल कमी करणारे औषध आणि सोबत दोन प्रतिजैविके, असा योग पुष्कळदा चौदा दिवस देतात. हेलिकोबॅक्टर निघून गेल्यावर स्ट्रेप्टोकॉकस, प्रिव्होटेला यांसारखे रहिवासी पुन्हा डोके वर काढतात, आणि ती वस्ती हळूहळू निरोगी जठरासारखी होऊ लागते. परंतु तेच औषध आतड्यांतही पोचते. तेथील निरुपद्रवी जंतूही त्याच्या माऱ्यात सापडतात. काही आठवड्यांत वा महिन्यांत त्यांची वस्ती बहुतांशी सावरते; तथापि औषधाला न जुमानणारे जंतू त्या काळात बळावू शकतात.

आपल्या देशात ही गोष्ट विशेष विचारात घेण्याजोगी आहे. आव-अतिसारावर मेट्रोनिडाझोल सर्रास घेतले गेल्यामुळे अनेक ठिकाणी हेलिकोबॅक्टर त्याला दाद देत नाही. म्हणून व्रणाचा उपचार टाळू नये. पण तो तपासणीनंतर, वैद्याच्या सल्ल्याने आणि शेवटच्या गोळीपर्यंत घ्यावा. दुखणे थांबले म्हणून मध्येच सोडलेले औषध शत्रूला घालवीत नाही, उलट त्याला शहाणे करून सोडते. आणि गावाची नासधूस मात्र तेवढीच होते.