पाइपाच्या जोडाचा जुना हिशेब

 

मागच्या उन्हाळ्यात आमच्या बाजूच्या एका गावाची नळयोजना चार दिवस बंद पडली. कारण विचारलं तर उत्तर ठरलेलं, "पाइप जुना होता." खड्ड्यात उतरून बघितलं तर पाइप धडधाकट. वळणाच्या लगेच पुढे दुरुस्तीत नवं कपलिंग टाकलेलं आणि त्यातून पाइपाचं टोक सरळ बाहेर निसटलेलं. रबर शाबूत, बोल्ट शाबूत. मग सुटलं कसं?

खडवलीकरांना पाइपलाइनचं कौतुक नाही. आपल्या भातसेचं पाणी पिसे बंधाऱ्यावर उचलतात, पांजरापूरला शुद्ध करतात आणि मुंबईला पाठवतात. तानसा-वैतरणेच्या लाइनीही आपल्याच जिल्ह्यातून जातात. (शहापूरला दर उन्हाळ्यात टँकर का लागतो, हा वेगळ्या पोस्टचा विषय.)

मुंबईला विहारचं पाणी १८६० ला मिळालं, तानसाचं १८९२ ला. तेव्हा पाइप बिडाचे. एकाचं टोक दुसऱ्याच्या रुंद तोंडात घालायचं, फटीत काथ्या ठोकायचा, वरून वितळलेलं शिसं ओतायचं आणि थंड झालं की छिन्नीनं ठासायचं. शिसं मऊ, त्यामुळे जमीन थोडी खचली तरी जोड सांभाळून घ्यायचा. पण ओढ बसली की तो टिकत नसे.

पुढे तानसाला ७२ इंची पोलादी पाइप आले, रिव्हेट मारलेले. आता जोड पाइपाइतकाच पक्का, पण दुखणं दुसरं. पोलाद उन्हात वाढतं. एक किलोमीटर रिकामी लाइन ३० अंशांनी तापली तर सुमारे ३६ सेंटिमीटर लांबते. म्हणजे जवळपास पाऊण हाताचा फरक! जमिनीवरच्या लाइनीला तो कुठेतरी जिरवावा लागतो.

अशा ठिकाणी लवचिक जोड कामाला येतो. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या ब्रॅडफर्डला, तेल-वायूच्या धंद्यातल्या सॉलोमन ड्रेसर यानं १८८० च्या दशकात रबर दाबून बसणारं कपलिंग आणलं. मध्ये नळी, दोन्हीकडे रबरी कडी, बोल्ट आवळले की गळती बंद. पाइप थोडा सरकू शकतो, थोडा वाकडाही बसतो. नंतर पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सैन्यातल्या अर्नेस्ट ट्राइब यानं पाइपाच्या टोकाला खाच पाडून त्यात अडकणारं कपलिंग काढलं. 'व्हिक्टॉलिक' हे नाव त्याच कुळातलं, व्हिक्टरी आणि हायड्रॉलिक मिळून झालेलं.

दोन्ही दिसायला भावंडं, पण स्वभाव वेगळा. खाचेतलं कपलिंग थोडं हलतं आणि मग पाइपाला धरून ठेवतं. ड्रेसरचं साधं कपलिंग पाणी अडवतं, पाइप धरत नाही. आणि वळणावर पाणी पाइपाला बाहेर ढकलतं. साठ मीटर उंचीच्या टाकीचा दाब धरा. २०० मिमीच्या पाइपात दोन टनांच्या आसपास जोर येतो, ७२ इंचीत दीडशे टनांहून जास्त. तो कुणीतरी झेलायलाच हवा. म्हणून जुने लोक वळणाच्या पाठीशी काँक्रीटचा मोठा ठोकळा घालायचे, किंवा जोडाच्या दोन्ही बाजूंना लोखंडी सळ्यांनी जखडायचे.

आता हा हिशेब कॉम्प्युटर करतो. 'सीझर टू' नावाचं सॉफ्टवेअर १९८४ ला आलं आणि पाइपांचा ताण काढायला जगभर वापरलं जातं. पण कॉम्प्युटरला रबर दिसत नाही, आपणच सांगावं लागतं. जोड लांबीच्या दिशेनं किती सैल, आडवा किती, वाकायला आणि पिळायला किती, असे आकडे भरायचे. शिवाय पाण्याचा जोर ज्या क्षेत्रफळावर बसतो तेही द्यायचं. खाचेच्या कपलिंगला काही मिलिमीटर मोकळीक आणि त्यानंतर अडकणं, असं लिहायचं.

आळस केला आणि कपलिंगच्या जागी सरळ पाइपच काढला, तर सॉफ्टवेअर समजतं की हा तुकडा ओढ झेलेल. ताण मर्यादेत दाखवतं, रिपोर्ट पास. खरा जोड दाखवला की तेच टोक हिशेबात सरकत सुटतं आणि ठोकळा किंवा सळ्या घालणं भाग पडतं. मला वाटतं, दोष सॉफ्टवेअरला देण्यात अर्थ नाही.

आमच्या गावच्या योजनेत तर कॉम्प्युटरपर्यंत गोष्ट गेलीच नव्हती. जुन्या बिडाच्या लाइनीला पाठीशी काँक्रीट होतं. दुरुस्तीसाठी ते फोडलं, कपलिंग बसवलं, माती ओढली. ठोकळा परत घातलाच नाही. पंप सुरू झाला आणि दोन टनांनी आपलं काम केलं. बिलात काँक्रीट होतं का, हे मी माहिती अधिकारात विचारलंय. उत्तर आलं की इथंच टाकतो.

तोवर तुमच्याकडे लाइनीची दुरुस्ती चालू असेल तर खड्डा बुजायच्या आधी वळणाच्या मागे काय आहे ते बघा, आणि फोटो कमेंटमध्ये टाका.