क्लबहाउस (मनोसामाजिक पुनर्वसन)

क्लबहाउस : स्किझोफ्रेनिया, द्विध्रुवी विकार, तीव्र नैराश्य यांसारख्या दीर्घ मुदतीच्या मानसिक आजारांतून सावरणाऱ्या प्रौढांनी पगारी कर्मचाऱ्यांच्या बरोबरीने चालवलेले दिवसाचे केंद्र. येथे येणारी व्यक्ती रुग्ण नव्हे, सदस्य असते. सदस्यत्व ऐच्छिक असते आणि त्याला मुदत नसते. औषधोपचार केंद्राबाहेर, ज्याच्या त्याच्या डॉक्टरांकडे चालू राहतात.

उगम : न्यूयॉर्क राज्यातील रॉकलंड स्टेट हॉस्पिटलमधून बाहेर पडलेल्या काही जणांनी १९४०च्या दशकात ‘वी आर नॉट अलोन’ हा गट स्थापला. १९४८ मध्ये हितचिंतकांच्या मदतीने त्यांना मॅनहॅटनच्या पश्चिम ४७व्या रस्त्यावर घर मिळाले. त्याच्या अंगणातील कारंज्यावरून ‘फाउंटन हाउस’ हे नाव आले. १९५५ मध्ये समाजकार्यकर्ते जॉन बिअर्ड संचालक झाले आणि भेटीगाठींच्या या जागेला कामाची शिस्त आली. या घडणीचे श्रेय बिअर्ड यांना किती द्यावे आणि आरंभीच्या रुग्ण-सदस्यांना किती, याबद्दल एकमत नाही. पद्धतीची आंतरराष्ट्रीय मानके १९८९ मध्ये तयार झाली. १९९४ मध्ये जागतिक संघटना (आताची ‘क्लबहाउस इंटरनॅशनल’) स्थापन झाली. आज तीसहून अधिक देशांत तीनशेच्या वर क्लबहाउस आहेत.

कामाचा दिवस : क्लबहाउसचा खरा आधार म्हणजे रोजचे काम. स्वयंपाकघर, कार्यालय, स्वागतकक्ष असे विभाग असतात. सकाळी सगळे फळ्यासमोर जमतात. आज किती पाने वाढायची, भाजी कोण आणणार, फोन कोण घेणार, कालचा हिशेब कोण लिहिणार, हे तिथेच ठरते. गोळ्यांमुळे हात थरथरत असतील तर सुरी हाती न घेता मेथी निवडायला बसता येते. बोलावेसे वाटत नसेल तर नुसते बसले तरी चालते. कर्मचारी मुद्दामच कमी नेमलेले असतात, त्यामुळे सदस्य आले नाहीत तर काम खरोखर अडते. वेळ घालवण्यासाठी कागदी पिशव्या करायला लावणाऱ्या केंद्रांपेक्षा हा फरक फार मोठा आहे, आणि पुनर्वसनाच्या चर्चेत तो पुरेसा ध्यानात घेतला जात नाही. केवळ कर्मचाऱ्यांसाठी राखीव अशी खोली नसते; सदस्याविषयीच्या नोंदी सदस्य व कर्मचारी मिळून लिहितात. काही दिवस न आलेल्याला फोन किंवा पत्र जाते, तेही बहुधा दुसऱ्या सदस्याकडून. सण ज्या दिवशी असेल त्याच दिवशी साजरा होतो, कारण एकट्या माणसाला सुट्टीचाच दिवस सर्वांत जड जातो.

संक्रमण-रोजगार : १९५८ मध्ये फाउंटन हाउसने ही योजना सुरू केली. कंपनीतील ठरावीक जागा क्लबहाउसच्या हवाली असते. एक सदस्य तेथे साधारण सहा ते नऊ महिने, अर्धवेळ, प्रचलित वेतनावर काम करतो. पुढे ती जागा दुसऱ्याला मिळते. काम आधी कर्मचारी स्वतः शिकतो, मग सदस्याला शिकवतो. सदस्य आजारी पडला तर त्या दिवशी क्लबहाउसचाच माणूस जाऊन काम उरकतो, त्यामुळे मालकाचे अडत नाही. मुलाखत, अनुभवाचा दाखला आणि ‘मधली चार वर्षे काय करत होता?’ हा प्रश्न यांवर अडकलेल्यांना या योजनेमुळे दार उघडते. उलट बाजूने, थेट खुल्या बाजारातील नोकरी मिळवून देऊन मग आधार द्यावा, असे मानणारे अभ्यासकही आहेत.

मूल्यमापन : अमेरिकेतील वुस्टर येथे क्लबहाउस आणि घरपोच आधार देणारे पथक यांची यादृच्छिक चाचणी झाली (निष्कर्ष २००६). नोकरी मिळण्याच्या प्रमाणात ठोस फरक आढळला नाही, पण क्लबहाउसमधून कामाला लागलेले अधिक दिवस टिकले व अधिक कमावते झाले. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१च्या मार्गदर्शिकेत हाँगकाँगच्या फीनिक्स क्लबहाउसचे उदाहरण दिले आहे.

महाराष्ट्र : राज्यात येरवडा, ठाणे (१९०१), नागपूर आणि रत्नागिरी येथे प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. त्यांच्याबाहेरचे काम मुख्यतः स्वयंसेवी संस्थांनी केले. कॅल्गरी विद्यापीठातील संख्याशास्त्राचे प्राध्यापक डॉ. जगन्नाथ वाणी यांनी घरातील अनुभवातून १९९७ मध्ये पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन स्थापन केली. धायरी येथे तिचे पुनर्वसन केंद्र आहे. ‘देवराई’ (२००४) हा चित्रपटही वाणी यांच्याच पुढाकारातून आला. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांच्या इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थचे (१९९०) ‘त्रिदल’ हे पुनर्वसन केंद्र आणि ‘सुहृद’ हा स्वमदत गट आहे. शुभार्थी (आजारासह जगणारी व्यक्ती) आणि शुभंकर (तिची काळजी घेणारे) एकत्र बसून निर्णय घेतात, ही या संस्थांची रीत क्लबहाउसच्या जवळ जाते. गोवा, सातारा व तमिळनाडू येथे प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी घरी जाऊन दिलेल्या सेवेची २८२ व्यक्तींवर चाचणी झाली (२०१४). लाभ दिसला, पण माफक.

सीबीडी बेलापूर : संक्रमण-रोजगाराला राज्यात कुठे वाव आहे, याचे नवी मुंबईतील हे एक उदाहरण. कोकण भवन, सिडको भवन आणि नवी मुंबई महापालिकेचे मुख्यालय येथे आहेत. आवक-जावक, छायाप्रती, नस्ती लावणे, कँटीन ही संक्रमण-रोजगाराला साजेशी कामे इथल्या कार्यालयांत रोजची आहेत. ठाणे–पनवेल लोकल येथे थांबते, त्यामुळे ठाण्यातील सेवा एका गाडीच्या अंतरावर आहेत.

कायदा : मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ (अंमल २०१८) याचे कलम १९ समाजात राहण्याचा हक्क देते. दिव्यांग हक्क कायदा, २०१६ नुसार सरकारी नोकऱ्यांतील ४ टक्के आरक्षणापैकी १ टक्का ज्या गटासाठी आहे, त्यात मानसिक आजाराचाही समावेश होतो.

निवास : क्लबहाउसची मानके सदस्यांना सुरक्षित व परवडणारे घर मिळवून देण्यास मदत करणे बंधनकारक मानतात.